झटकली की जाते ती धूळ

खराब झालेली गादी घेऊन येणारी माणसं मोठ्या बाईंना दारातूनच ओळखू यायची. पिऊन पडलेल्या नातेवाइकाला घरी आणावं तशी ती गादी आणायची. एकाने खांद्याकडून धरलेली, एकाने पायाकडून, आणि दोघांचीही तोंडं भलतीकडे. मोठ्या बाई खुर्चीवरून उठत नसत. हनुवटीने जमिनीकडे खूण करत आणि म्हणत, "उलटी टाका."

गादी उलटी पडली की तिच्या पाठीवरचं सगळं गोत उजेडात यायचं. करडे ठिपके, काळे ठिपके, कडेला हिरवट झाक.

"जरा धूळ बसलीय," गिऱ्हाईक म्हणायचं.

"धूळ," मोठ्या बाई म्हणायच्या. "धुळीने तुमचं काय वाकडं केलंय? तिला कशाला बदनाम करता? धूळ वरून येते, सगळ्यांवर सारखी बसते, तिला आपपरभाव नाही. आणि ही बघा. गोल गोल घरं करून राहिलीय. फुंका बरं. उडाली? पुसा. नुसती फासली. आता नाक खाली न्या. मी नाही, तुम्ही. गादी तुमची आहे."

गिऱ्हाईक नाक खाली न्यायचं आणि पडलेल्या चेहऱ्याने वर यायचं. मग मोठ्या बाई आपली ओळ म्हणायच्या. ती त्यांनी स्वतःच जुळवली होती, आणि ती म्हणताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा, तान्ह्याला थोपटताना होतो तसा:

"झटकली की जाते, ती धूळ;
पुसूनही उगवते, तिला मूळ."

"ही बुरशी आहे," त्या पुढे म्हणायच्या. "बुरशी कुणाच्या घरी आपणहून राहत नाही, तिला ठेवून घ्यावं लागतं. आरशाला तोंड दाखवता त्याच्या निम्म्याने तरी गादीला ऊन दाखवावं माणसाने."

गिऱ्हाईक गादी आणि अब्रू दोन्ही दुकानात ठेवून जायचं. मोठ्या बाई आत जाऊन हात धुवायच्या. गादीला त्यांनी बोटसुद्धा लावलेलं नसायचं. "गचाळ माणसं," त्या टॉवेलला सांगायच्या.

पुढे दुकान, मध्ये कारखाना, मागे घर, अशी ती सगळी एका रांगेतली जागा होती. कारखान्यात कापूस पिंजण्याचं यंत्र दिवसभर धडधडायचं आणि हवेत पांढरं, मऊ, कधीच न संपणारं काहीतरी तरंगत राहायचं. ते पापण्यांवर बसायचं, चहावर बसायचं, देवघरात बसायचं, भांडण चाललं असेल तर भांडणाऱ्यांच्या खांद्यांवरही बसायचं. अशा घरात दुसऱ्या एखाद्या बाईने हात टेकले असते. मोठ्या बाईंनी कंबर कसली होती. त्यांच्या कमरेला कायम एक पांढरं फडकं खोचलेलं असे. सकाळी त्या ते बोटाला गुंडाळून घरभर फिरत. कपाटाची कड, खुर्चीची पाठ, दाराची चौकट. मग ते बोट घेऊन त्या सुनेसमोर उभ्या राहत. बोलत काही नसत. नुसतं बोट.

सून अशा घरातून आली होती जिथे कपाटांवरून आठवड्यातून एकदा फडकं फिरायचं. हे तिने लग्नानंतर भाबडेपणाने सांगून टाकलं होतं. तेव्हापासून तिच्या माहेराचा उल्लेख निघाला की मोठ्या बाई नाकाशी पदर नेत.

"आई, मी पुसलं होतं सकाळी."

"पुसलं असशील. फडक्याला कळलं नसेल."

सुनेचा नवरा अशा वेळी जेवणात लक्ष घालायचा. त्याला आईही बरोबर वाटायची, बायकोही बरोबर वाटायची. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण हा एकाच घरचा असून दोघींच्या ताटात जेवायचा आणि ढेकर कुणाच्या नावाने द्यावा एवढाच त्याला पेच होता.

मागच्या खोलीत सासरे पडून असत. सगळे त्यांना मालक म्हणायचे, म्हणायला काही लागत नाही म्हणून. आयुष्यभर त्यांनी गाद्या भरल्या, आणि शेवटी एका पायरीवरून पाय घसरून कमरेचं हाड मोडून घेतलं. आता ते स्वतःच भरलेल्या गादीवर उताणे असत. पण कान उठून बसलेले. मधल्या दारातून कारखान्याचा आवाज यायचा आणि म्हातारा अंथरुणातून त्याच्याशी बोलत राहायचा.

"टाकेवाले, घाई कुणाची आहे? दोरा ओढताय का कुणाचा कान?"

तिकडून टाकेवाला, जो त्यांच्याहून फार लहान नव्हता, गाद्यांना टाके घालता घालता ओरडायचा, "झोपा हो मालक, तुमच्याच तिरडीची गादी चाललीय."

"मग कापूस नीट भरा. मला टोचायला नको."

सून हे ऐकत त्यांचे पाय चेपायची. या घरात हसण्याची जागा तेवढी एकच होती, मागची खोली. बाकी सगळीकडे हसू बसलं की लगेच पुसलं जायचं.

त्या खोलीला एक खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे बोळ. बोळातून दिवसभर गाड्या जायच्या, धूळ उठायची. मालकांना तिथे ठेवायचं ठरलं तेव्हा मोठ्या बाईंनी खिडकीकडे बघून ओठ मुडपले होते. "आजारी माणूस आणि रस्त्याची धूळ. माझ्या घरात नाही चालायचं." मग त्यांनी स्वतः बसून खिडकीच्या मापाची एक गादी शिवली. हा उपाय सुचायला गादीवाल्याचंच घर लागतं. दुसरं कुणी पडदा लावतं, जाळी लावतं. यांनी खिडकीला गादी केली, जाडजूड, घट्ट भरलेली, निळ्या पट्ट्यांच्या कापडाची, आणि ती चौकटीत अशी ठोकून बसवली की वाऱ्याची आत बोट घालायची बिशाद नव्हती. मागच्या बाजूला, बोळाकडे, साधं कोरं कापड लावलं होतं, कारण ती बाजू कुणी बघणार नव्हतं. चारी कोपऱ्यांना त्यांची ती खास गाठ होती, दोरा दोनदा फिरवून आत लपवलेली. सगळ्यांनी बघून तोंडभर कौतुक केलं. खिडकी त्या दिवसापासून मुकी झाली.

मालक खोकायला लागले ते त्यानंतर काही दिवसांनी.

आधी सकाळीच. मग जेवताना. मग बोलताना, वाक्याच्या मध्येच, जणू कुणी आतून त्यांच्या शब्दांचे दोर कापत होतं. डॉक्टर आले, छाती ऐकली, खोलीत इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "या खोलीतलं काहीतरी मानवत नाहीये त्यांना. धूळ असेल, ओल असेल. शोधा जरा."

मोठ्या बाईंच्या कानात 'धूळ' एवढंच शिरलं. पुढचं ऐकायला त्या शुद्धीवर नव्हत्या. त्यांच्या घरात, एका परक्या माणसाने, चपला घालून उभं राहून, धूळ म्हटलं होतं. डॉक्टर दुकानाबाहेर पडायच्या आत त्यांनी सुनेला हाक मारली.

"आजपासून या खोलीत सकाळ-संध्याकाळ कुंचा फिरला पाहिजे. भिंतीसुद्धा. कोरडा. ओल्या फडक्याने माती होते भिंतीची."

सुनेने कुंचा फिरवला. पलंगाच्या डोक्याशी, खिडकीकडच्या भिंतीवर, करडेपणा धरला होता. तो कुंच्याने फिका व्हायचा आणि हवेत जायचा. खोलीत उन्हाची तिरीप नव्हती म्हणून कुणाला दिसायचं नाही काय उडतंय ते. फक्त मालक खोकायचे, आणि खोकून झालं की सुनेकडे बघून हसायचे, तिचा दोष नाही हे सांगायला. ते हसू तिला जास्त लागायचं.

मग एक दिवस औषधाची बाटली हातातून सुटून पलंगाखाली गेली. सून ती शोधायला जमिनीवर बसली, आणि उठताना तिची नजर भिंतीवरच्या फळीच्या खालच्या अंगाला गेली. फळीच्या पोटाला, उलट्या बाजूने, करडे ठिपके होते. गोल. एकाला एक चिकटून.

ती तशीच बसून राहिली. वरून पडणारी धूळ फळीच्या खाली कशी जाऊन बसेल? धुळीला चढता येतं, उडता येतं, पण उलटं लटकता येत नाही. फळीची वरची बाजू तिने बोटाने पाहिली. तिथे नेहमीची, कापसाची, सगळीकडे सारखी पांढुरकी झाक. ती फुंकरीने उडाली. खालचे ठिपके फुंकरीला हलले नाहीत. पदराच्या टोकाने घासले तर पदराला काळी रेघ आली. तिने पदर नाकाशी नेला, आणि बंद ट्रंकेत विसरलेल्या ओल्या कपड्यांचा वास आला.

हे सगळं तिला कुणी शिकवलं होतं? दुकानातून रोज आत ऐकू येणाऱ्या आवाजाने. मोठ्या बाईंच्या आवाजाने.

"आई," ती संध्याकाळी म्हणाली, "मामंजींच्या खोलीत आहे ना, ती मला धूळ नाही वाटत."

"मग काय वाटतं? गुलाल?"

"बुरशी आहे."

मोठ्या बाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे असं पाहिलं जसं गिऱ्हाइकाकडे पाहत.

"बुरशी," त्या सावकाश म्हणाल्या, "बुरशी कुठे असते ठाऊक आहे? जिथे आठवड्यातून एकदा फडकं फिरतं तिथे. हे माझं घर आहे. इथे बुरशी आली तर आधी चप्पल बाहेर काढून येईल. झाडायचा कंटाळा येतो तर तसं सांग. मी माणूस लावते."

"तसं नाही आई, फळीच्या खाली बघा एकदा—"

"मी वाकून बघायचं? तुझ्या कामाचं मी वाकून बघायचं?"

नवरा भाताशी बोलत होता.

सुनेने दुसरी वाट धरली. भिंतीवरच्या एका ठिपक्याभोवती तिने पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि कुंचा त्याला चुकवून फिरवू लागली. काही दिवसांत ठिपका रेघ ओलांडून बाहेर आला, पाय पसरून बसणाऱ्या पाहुण्यासारखा. ती ते सासूला दाखवणार तेवढ्यात सासूनेच पाहिलं.

"हे काय? आता भिंतीवर चित्रं काढायला लागलीस का? लहान मूल नाही घरात ते बरं आहे, एक तू पुरेशी आहेस." आणि पांढरं फडकं काढून त्यांनी रेघ पुसली. ठिपका फासला गेला, फडक्यावर काळं उतरलं. मोठ्या बाईंनी ते सुनेसमोर धरलं. "बघ. आणि म्हणते पुसलं."

डोळे होते, नाक होतं, हातात पुरावा होता. पण माणूस एकदा नाकाने कांदे सोलायला लागला की वास घ्यायला नाक मोकळं उरत नाही.

मग ताई आल्या. ताई म्हणजे मोठ्या बाईंची लेक, आईच्याच मापाने कापलेली, फक्त कापड भारी. उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. वडिलांच्या खोलीत त्या दारातच उभ्या राहिल्या, नाकाशी रुमाल.

"किती ही धूळ. वहिनी, तुम्ही करता काय दिवसभर?"

"मी सांगतेय तिला," मोठ्या बाई म्हणाल्या.

"सांगून काय होणार? बाबांना मी घेऊन जाते. येत्या रविवारी. माझ्याकडे गालिचा आहे, टीव्ही आहे, बाई आहे कामाला. खिडकीतून धूळ यायला तिथे कावळ्यालासुद्धा दम लागतो."

"न्या," नवरा म्हणाला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "म्हणजे, नेलं तरी चालेल. नाही नेलं तरी."

मालकांना कुणी विचारलं नाही. ते छताकडे बघत होते. सगळे गेल्यावर त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

"तिच्या घरी मी राहिलोय एकदा," ते म्हणाले. "फार छान आहे. काहीच ऐकू येत नाही. पाण्याचा नळसुद्धा लाजून वाहतो." त्यांना खोकला आला. तो सरेपर्यंत सुनेने पाठ धरून ठेवली. "हे मधलं दार आहे ना, पोरी, यातून येतं ते सगळं माझं आहे. यंत्र, टाकेवाल्याच्या शिव्या. वर नेलं तर मी बरा होईन कदाचित. पण बरा होऊन करायचं काय मी तिथे? गालिचा बघायचा?"

"मामंजी, तुम्ही कुठेही जायचं नाही."

"तुझ्या हातात आहे का ते?"

तिच्या हातात नव्हतं. तिच्या हातात कुंचा होता. तो तिने कोपऱ्यात टेकवला आणि पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता खिडकीकडे पाहिलं. निळे पट्टे सरळ, स्वच्छ, नवेकोरे. ठिपके मात्र खिडकीपासून लांब जाऊ तसे विरळ होत होते, आणि जवळ येऊ तसे दाट. जणू सगळी वस्ती या एका गावाहून निघाली होती. तिने चौकटीच्या फटीत बोटं कशीबशी सारली, गादीच्या मागे. आणि झटक्यात बाहेर काढली. बोटं ओली होती.

बोळाच्या पलीकडे लाँड्री होती. तिच्या भिंतीतून एक पाइप बाहेर आलेला, आणि त्यातून दिवसभर वाफ यायची, गरम, जाड, सरळ या खिडकीच्या तोंडावर. कापसाने ती प्यायली होती. रोज. घोट घोट. ना वारा, ना ऊन.

रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मोठ्या बाई देवघरात बसल्या होत्या. सुनेने टाकेवाल्याला मागे बोलावलं.

"ही गादी काढायची आहे."

टाकेवाल्याने निळ्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग सुनेकडे. "बाईंनी सांगितलं?"

"नाही."

"मग मला कमी ऐकू येतंय आज."

"काढून दुकानात ठेवायची. दुरुस्तीच्या गाद्यांत. उलटी."

पलंगावरून मालक म्हणाले, "काढा हो. तिरडीची गादी तेवढी सावकाश शिवा."

टाकेवाल्याने लोखंडी पट्टी चौकटीच्या फटीत घालून जोर दिला. गादी चौकटीतून सुटली ती ओल्या अंगाचा आवाज करत. आणि खोलीत उजेड आला. पलंगावर, चादरीवर, मालकांच्या गालांवरच्या खुंटांवर. त्यांनी डोळे मिचकावले.

"कोण आलंय?"

"कुणी नाही, मामंजी. सकाळ आहे."

"बरं झालं. मी समजत होतो मला दिसेनासं झालंय, तुम्ही सांगत नाही आहात."

ताई दुकानात येऊन बसल्या तेव्हा एक जोडपं नव्या गादीचं कापड बघत होतं. नवराही ताईंची पिशवी धरून उभा होता. मोठ्या बाई रंगात होत्या. ऐकायला माणसं असली की त्यांना तेज चढायचं. दुरुस्तीच्या गाद्यांच्या ढिगावर त्यांची नजर गेली आणि थांबली.

वरच्या गादीची पाठ काळी होती. नुसती डागाळलेली नाही, पूर्ण काळी, आणि मधूनमधून तिच्यावर लव आली होती, राखी, उंदराच्या अंगावर असते तशी.

"ही कधी आली?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"आज सकाळी," सून म्हणाली.

"कुणाची?"

सुनेने टाकेवाल्याकडे पाहिलं. टाकेवाल्याने सुई ओठांत धरली. सुई ओठांत असली की माणसाला बोलता येत नाही हे सर्वांना मान्य असतं.

"बघा," मोठ्या बाई त्या जोडप्याला म्हणाल्या, "कापड घ्यायच्या आधी हे बघून घ्या. गादी दुष्ट नसते, माणसं नालायक असतात. हिच्या बाईला विचारा, सांगेल धूळ आहे म्हणून. रोज झाडते सांगेल. झाडणार कुठे, तर जिथे पाहुणे बसतात तिथे. आणि पाठीमागे बघा काय गोठा केलाय. हिचा वास घेत कुणीतरी झोपत असेल. म्हातारं माणूस असेल, लेकरू असेल. खोकत असेल. आणि ही बया म्हणत असेल, हवा बदलली." त्यांनी तोंड कडू केलं. "अशा बायकांच्या हातात मी उशीसुद्धा देत नाही. लोक माणूस कसा देतात कोण जाणे."

"खरंच हो," जोडप्यातली बायको म्हणाली आणि एक पाऊल मागे सरली.

"टाकेवाले, फेकून द्या ती. आधी मालकीण कोण ते शोधा, तिच्या दारात फेका."

टाकेवाला हलला नाही. ताई पुढे झाल्या, चपलेच्या टोकाने त्यांनी गादीची कड उचलली आणि ढकलली. गादी उलटली. निळे पट्टे वर आले.

सरळ, स्वच्छ निळे पट्टे, आणि कोपऱ्याला दोरा दोनदा फिरवून लपवलेली गाठ.

जोडप्याला काही कळलं नव्हतं, पण हातातलं कापड खाली ठेवायची वेळ आहे एवढं त्यांनाही कळलं. ताई म्हणाल्या, "आई, ही तर—"

"मला डोळे आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. कुणाकडे न बघता कारखान्यातून मागे गेल्या. सून पाठोपाठ गेली, तिच्यामागे ताई. मोठ्या बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. उघड्या खिडकीच्या उजेडात भिंत जशी होती तशी दिसत होती. त्यांनी स्टूल ओढलं नाही; त्या वाकल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, त्या फळीच्या खाली वाकल्या आणि वर बघत राहिल्या. मग त्यांनी कमरेचं फडकं काढलं, एकदा फिरवलं, आणि नाकाशी नेलं.

"तुम्हाला वास येत नव्हता?" त्यांनी विचारलं. प्रश्न मालकांना होता.

"येत होता."

"मग तोंडाला काय झालं होतं?"

"तू धूळ म्हणालीस," मालक म्हणाले. "संसारभर तू जिला धूळ म्हणालीस तिला मी धूळच म्हटलं. आता म्हातारपणी वेगळं काय म्हणू? आणि म्हटलं असतं तर तू मलाच झटकलं असतंस."

मोठ्या बाईंनी फडकं पुन्हा कमरेला खोचलं नाही; हातातच धरून ठेवलं.

ताईंनी रुमाल घट्ट धरला होता. "आता तर प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. "अशा खोलीत बाबांना तासभरही ठेवायचं नाही. गाडी बाहेर उभी आहे. वहिनी, कपडे भरा त्यांचे."

धूळ असती तरी ते जाणार होते, बुरशी ठरली तरी जाणार. तिने इतकी खटपट करून नणंदेच्या हातात कारण नवं दिलं होतं. तिने मालकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"कपडे कशाला?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"अगं, खोली बघ ना."

"खोली बघितली. घरात दुसरी नाही का? माझ्या खोलीत टाका त्यांना."

आता ताईंनी रुमाल खाली घेतला. मोठ्या बाईंची खोली म्हणजे कारखान्याला लागून असलेली, उन्हाची. तिथल्या पलंगपोसावर सुरकुती चालत नसे. त्या स्वतःही कडेला अंग चोरून झोपत. आजारी माणूस तिथे नको हे घरात हाडमोडीच्या दिवशीच ठरलं होतं, आणि का, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुझ्या खोलीत? औषधं सांडतील. भांडं ठेवावं लागेल. खाताना त्यांच्या हातून—"

"सांडतील. पडेल. मी बघेन." त्यांचा आवाज दुकानातल्यासारखा कडक झाला. "तुझ्याकडे बाई आहे ना कामाला? फळीच्या खाली बघते का ती कधी? तू बघतेस? जा, आधी आपल्या गालिच्याच्या पोटाखाली नाक घालून ये, मग माझा माणूस न्यायला ये."

ताई गेल्या. जाताना भावाच्या हातातली पिशवी त्यांनी हिसकावून घेतली, त्यालाही बरं वाटलं. एक बाजू घ्यायची वेळ टळली.

मालकांना उन्हाच्या खोलीत हलवल्यावर मोठ्या बाईंनी पदर खोचला आणि मागच्या खोलीत शिरल्या. सुनेने सवयीने कुंचा उचलला.

"ठेव तो," मोठ्या बाई म्हणाल्या. "बुरशीला कोरडं झाडतात का कधी? सगळीकडे उडते. एवढंही शिकवलं नाही माहेरी? पाणी आण, साबण टाक त्यात, आणि तोंडाला बांध काहीतरी. मलाही दे."

सुनेने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पाणी आणलं.

दोघी भिंत पुसत होत्या तेव्हा बोळातून वाफेचा मोठा लोट उठला आणि खिडकीतून आत आला. मोठ्या बाई खिडकीशी गेल्या, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि समोर ओरडल्या, "अहो लाँड्रीवाले. ही वाफ कुणाच्या तोंडावर सोडताय, बघता का कधी?"

लाँड्रीवाला पाइपाजवळ आला, हातातला ओला शर्ट तसाच. त्याने समोर पाहिलं, गोंधळला. "अहो, तिथे खिडकी आहे? मला वाटलं भिंतच आहे. कुणी राहतं का तिकडे?"

"राहतं. माणसं राहतात. पाइप वळवा उद्याच्या उद्या." त्या मागे वळल्या. सून तोंड बांधलेलं असूनही हसताना दिसत होती, डोळ्यांनी. "हसतेस काय? फळीच्या खालचं राहिलंय. मला नाही वाकवत आता."